दोन वाक्यांत "बाहेरचा" कळू नये म्हणून मराठीत आधी काय सुधारायचं

नव्याने मराठी बोलणारे बरेचजण म्हणतात की एवढे शब्द पाठ केले, क्रियापदं घोटली, तरी समोरचा लगेच हिंदीत का वळतो. त्याचं कारण शब्द नाहीत, ऐकणाऱ्याचा कान चार-पाच ठरावीक जागी अडकतो आणि तिथेच कळतं की माणूस बाहेरचा आहे. म्हणून सगळंच एकदम सुधारत बसू नका, आधी त्या जागा पकडा.

पहिली जागा गावाचं नाव. "मी पुणेला चाललोय", "ठाणेवरून आलो" असं म्हटलं की कळलंच. मराठीत प्रत्यय लागताना नाव बदलतं: पुण्याला, ठाण्याहून, धुळ्यात, साताऱ्याचा, वर्ध्याला. नागपूर, कोल्हापूर मात्र आहेत तशीच राहतात, नागपूरला, कोल्हापूरहून. रोज ज्या गावांची नावं घ्यावी लागतात तेवढ्यांची रूपं आधी तोंडात बसवा, बाकीची आपोआप येतात.

त्यातच ळ. इंग्रजी पाटीवर ळ साठी वेगळं अक्षर नसतं, मग लोणावळ्याचं लोनावला होतं, वरळीचं वर्ली, वडाळ्याचं वडाला, म्हणून पाटी वाचायची तर देवनागरीतली वाचा. जिभेचं टोक ण म्हणताना जिथे जातं तिथे वळवून लावा आणि तिथून पुढे सोडा. वेल-वेळ, माल-माळ, काल-काळ अशा जोड्या मोठ्याने म्हणा, कारण ल म्हटला तर नुसता उच्चार नाही, अर्थच बदलतो.

च आणि ज ला मात्र खरा वेळ द्या. अक्षर एक, उच्चार दोन, आणि लिहिताना फरक दिसत नाही. "चिंच" म्हणून बघा, पहिला च चित्रातला आहे, दुसरा चाकातला, त्याला जीभ वरच्या दातांमागे टेकते आणि त्स सारखा आवाज येतो. "जग" म्हणजे दुनिया असेल तर ज जेवणातला, पण "तू जग" म्हणालात तर ज दातांजवळचा. एक नियम बऱ्यापैकी कामाला येतो: पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर चित्रातला च, जेवणातला ज, म्हणूनच "माझा" आणि "माझी" मधला झ वेगळा ऐकू येतो. चंद्र, जन्म असे संस्कृतातून आलेले शब्दही त्याच बाजूचे. बाकीचे एकेक करून कानानेच शिकावे लागतात, दुसरा रस्ता नाही.

ज्ञान हे द्न्यान, ग्यान नाही. कृष्ण मध्ये रु, रि नाही. "केलं", "गेलं" वरच्या टिंबाचा म किंवा न करू नका, तिथे फक्त शेवटचा अ लांबतो.

आता आपण आणि आम्ही. ऑफिसात नवीन आलेला एक सहकारी मला म्हणाला, "उद्या आपण सिनेमाला चाललोय," मी लगेच विचारलं किती वाजता निघायचं, आणि तो गोंधळून बघतच राहिला, कारण तो बायको-मुलांना घेऊन चालला होता, मला नुसतं सांगत होता. ऐकणारा धरून असेल तर आपण, ऐकणाऱ्याला सोडून असेल तर आम्ही. हिंदीतला "हम" दोन्हीकडे चालतो म्हणून ही चूक फार होते, आणि उच्चार अगदी स्वच्छ असलेल्यांकडूनही होते. तसंच "माझी मदत कर" नाही, "मला मदत कर".

आणि घरात मराठीच बोलत असाल तरी दुसऱ्या भागात गेलात की तुम्हीही ओळखले जाताच. "मी त्याला बोललो" म्हटलं की मुंबईकडचा, बाकी ठिकाणी बरेचजण "म्हणालो" म्हणतात. नागपूरकडे "काय करून राहिला", "मले, तुले", मराठवाड्यात "काय करायलास", मालवणीत "खय जातस", "माका, तुका". कोल्हापूरकडे बाईसुद्धा "मी येतो" म्हणते आणि ते तिथे अगदी बरोबर आहे, सुधारायला जाऊ नका प्लीज. हे सगळं कळायला लागलं की पुरे, पहिल्याच आठवड्यात ओठांवर आणू नका, समोरच्याला आपली नक्कल चाललीय असं वाटतं आणि ते लागतं. स्वतःच्या मराठीत उत्तर द्या, तिथला शब्द सवयीने आला की येऊ द्या.

सरावासाठी हे वाक्य फोनवर रेकॉर्ड करा: "काल माझी ताई ठाण्याहून आली, आम्ही लोणावळ्याला गेलो, माझा वेळ चांगला गेला." मग हेच वाक्य एखाद्या मराठी मित्राच्या आवाजात मागवा आणि दोन्ही लागोपाठ ऐका, जिथे कान अडकेल तेवढाच शब्द त्या दिवशी पुन्हा पुन्हा म्हणा.