गच्चीवरचा पत्रा स्क्रूपाशी गळत होता: माझा अनुभव (पुणे)

लक्षण: रिमझिमीत सगळं कोरडं, वाऱ्यासह सर आली की पर्लिनच्या (पत्र्याखालच्या आडव्या पाइपाच्या) ओळीत ठिपके. पाणी पाइपावरून वाहत जाऊन भलतीकडेच टपकतं, म्हणून टपकण्याची जागा नव्हे, स्क्रूखालचा गंजाचा ओघळ बघा.

आधी एम-सील लावलं, उन्हाने पत्रा ताणला की तडकलं. मग सिलिकॉन, व्हिनेगरसारखा वास येणारं होतं, ते जस्ताचा थर खातं. डांबरपट्टी एक उन्हाळा टिकली. दोन पावसाळे बादल्या मांडण्यात गेले.

दोष स्क्रूच्या डोक्याखालच्या रबरी वॉशरचा होता. ड्रिल मशीन फुल स्पीडवर चालवून स्क्रू इतके आवळले होते की रबर चिरडून बाहेर आलं होतं. काहींचे आटेच मेले, स्क्रू नुसते फिरत होते.

कोरड्या दिवशी, पर्लिनवर आडवी फळी टाकून (दोन पर्लिनमधल्या पत्र्यावर पाय नको, कमरेला दोर हवा):

एका वेळी एकच जुना स्क्रू काढा. भोक पुसा, लोखंडाचा कीस झाडा, नाहीतर तोच गंजतो. त्याच भोकात ५.५ ऐवजी ६.३ मिमी जाडीचा, ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं रबर) वॉशरचा स्क्रू सरळ बसवा. रबर वॉशरच्या कडेबाहेर जेमतेम डोकावलं की थांबा. आडव्या जोडात, दोन पत्र्यांच्या मध्ये, ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), वरून नाही.

शेवटी पाण्याच्या पाइपने खालच्या ओळीपासून वर, प्रत्येक ओळीवर १० मिनिटं पाणी. वरून सुरुवात केली तर कोणती ओळ गळते ते कळत नाही.

नवीन पत्रा टाकणार असाल तर पूर्वेकडून सुरू करा. म्हणजे उभ्या जोडाचं तोंड पश्चिमेच्या पावसाकडे येत नाही.