रनिंग कमी, तरी इंजिनचा दिवा सारखा लागतोय? जुनी गाडी घेणाऱ्यांनो, या चुका टाळा

कोल्हापुरात जुनी गाडी बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सिंगल ओनर, घरची गाडी, रनिंग तर काहीच न्हाई बघा." आठ वर्षांची गाडी, मीटरवर बावीस हजार, घेणारा खूश. दोन महिन्यांनी चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजवाला कोड (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा नंबर) पुसून देतो, पंधरा दिवसांत दिवा परत हजर. मग प्लग झाले, कॉइल झाली, सेन्सर झाला, बिलं वाढत गेली आणि गाडी सिग्नलला तशीच थरथरत उभी.

मीटरला किलोमीटर कळतात, वर्षं कळत नाहीत. रबरी सील, व्हॅक्यूमचे पाईप, बेल्ट, कूलंट, बॅटरी, टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल, हे सगळं गाडी उभी असतानाही म्हातारं होत असतं. त्यामुळं आठ वर्षांत बावीस हजार चाललेली गाडी आठ वर्षांचीच समजून तपासायची.

कोड आधी पुसू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दिवा लागतो तेव्हा गाडीचा कॉम्प्युटर नुसता कोड ठेवत नाही. त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती फिरत होतं, लोड किती होता, याचीही नोंद ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ही नोंदही जाते. दिवा गार इंजिनवर सकाळी लागला की पन्हाळ्याच्या चढाला, हे कळलं तर निम्मं काम होतं. म्हणून पुसण्याआधी स्कॅनरच्या (गाडीला जोडून कोड वाचायच्या यंत्राच्या) स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

गाडी घेतानाही हे उपयोगी पडतं. काही विक्रेते दाखवायच्या आदल्या दिवशी कोड पुसतात. दिवा दिसत नाही, पण कोड पुसला की कॉम्प्युटरला आपल्या तपासण्या पहिल्यापासून कराव्या लागतात, त्यामुळं स्कॅनरमध्ये 'रेडीनेस' (या तपासण्या पुऱ्या झाल्या का ते) बघितलं तर बऱ्याच अपूर्ण दिसतात. बॅटरी नुकतीच काढली असेल तरीही तसं दिसू शकतं, पण "का काढली?" हा प्रश्न तर विचारता येतो!

अंदाजानं पार्ट बदलू नका

स्कॅनरवर पी०३०२ आलं म्हणजे दोन नंबरचा सिलेंडर मिसिंग मारतोय (त्यात पेट्रोल नीट पेटत नाही), एवढंच गाडी सांगते. दोष ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा, त्याला वीज देणाऱ्या कॉइलचा, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा (सिलेंडरमधल्या दाबाचा), ते आपण शोधायचं.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर फुकटात होणारी एक तपासणी आहे. इंजिन बंद आणि गार असताना दोन नंबरची कॉइल तीनवर बसवा, तीनची दोनवर. कोड पुसा (आता पुसायला हरकत नाही) आणि गाडी फिरवून आणा. पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. पी०३०२ कायम असेल तर तसंच प्लगचं करा. तरीही दोष दोनवरच राहिला तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडं जा. हे न करता चारही कॉइल बदलणारा फिटर तुमच्या पैशानं अंदाज बांधतोय.

पी०१७१ चं तसंच. त्याचा अर्थ हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. लोक लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात. उभ्या राहिलेल्या गाडीत आधी कडक होऊन चिरलेले रबरी पाईप बघा. तिथून चोरून हवा आत जाते. धूर सोडून गळती शोधायची सोय असलेलं गॅरेज मिळालं तर उत्तमच.

आणि एकदम पाच-सहा वेगवेगळे कोड आले तर पाच-सहा सेन्सर एकाच दिवशी मेले, असं सहसा होत नाही. आधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ हवं. बॅटरी ठीक असेल तर बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडवून, घासून परत बसवा. आणि उंदीर! उसाच्या रानाजवळ महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी असलेली गाडी असेल तर वायरिंग हातानं चाचपून बघा.

किलोमीटर बघून ऑइल बदलू नका

राजारामपुरीतनं महाद्वार रोड, तिथनं परत घर. एवढ्याशा फेरीत इंजिन पुरतं तापतच नाही. जळताना तयार झालेली वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साठत जातं. 'दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' यातलं वर्ष लोक सोयीस्करपणे विसरतात.

ऑइलचं झाकण उघडलं आणि आतून पांढरट-पिवळी साय दिसली तर लगेच हेडगॅस्केट (इंजिनच्या माथ्याखालचं सील) गेलं म्हणून इंजिन खोलू नका. साय फक्त झाकणाला असेल, ऑइल मोजायच्या स्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर बहुतेक वेळा तो छोट्या फेऱ्यांचा ओलावा असतो. ऑइल बदला, हायवेला अर्धा-पाऊण तास सलग चालवा, मग परत बघा. कूलंट मात्र घटत असेल, स्टिकवरही दुधाळ ऑइल असेल किंवा गरम इंजिनवर पांढरा धूर थांबत नसेल, तर गाडी जागेवर थांबवा.

पुराची गाडी ओळखा

हे आपल्याकडचं खास दुखणं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली, शाहूपुरी-नागाळा पार्कात पाणी शिरलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते. कनेक्टरच्या पिनांवरचा हिरवा गंज मात्र आतल्या आत वाढतो. अशा गाडीचा दिवा उन्हाळ्यात गप्प असतो आणि पावसाळा लागला की छळतो.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. मुळाशी चिखलाची रेघ राहिलेली असते. स्टेपनीचा खड्डा, सीटखालच्या पट्ट्यांचे बोल्ट, कार्पेटची मागची बाजू बघा. विक्रेत्याची जुनी इन्शुरन्स पॉलिसी मागा. वर्षानुवर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस (हप्त्यातली सूट) २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जातो. पुराच्या पुढच्या वर्षी तो शून्यावर आला असेल तर कशाचा क्लेम घेतला ते विचारा. बोनस शाबूत आहे म्हणजे गाडी पाण्यात नव्हतीच, असं मात्र धरू नका. क्लेम न करताच विकलेल्याही असतात.

रनिंग खरं आहे का, तेही याच वेळी तपासा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मालकाकरवी काढून घ्या. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. १७१९ म्हणजे २०१९ चा सतरावा आठवडा. २०१७ च्या बावीस हजार चाललेल्या गाडीला २०२१ चे चारही टायर का, याचं उत्तर मालकाकडं असायला हवं.

डिझेल असेल तर

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (प्रदूषणाचा नियम) डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. काजळी जाळायला त्याला गरम, सलग रनिंग लागतं. गावातल्या गावात फिरणाऱ्याला ते मिळत नाही. फिल्टरचा दिवा नुसता स्थिर लागला असेल तर मॅन्युअल वाचून निपाणीपर्यंत एकसारख्या वेगानं जाऊन या, बरेचदा तेवढ्यानं भागतं. जळण्याचं काम सारखं अर्धवट सुटलं तर काही इंजिनांत डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून स्टिक नियमित काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं दिसलं तर "भरपूर आहे की" म्हणून खूश होऊ नका. ते पातळ झालेलं आहे, बदलल्याशिवाय गाडी लांब काढू नका.