शोधनिबंध आटपाडीला कसा न्यावा

मी सांगलीत अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. माहेर आटपाडी तालुक्यातलं. सुट्टीला गेले की मामा न चुकता विचारतात, "काय गं, तुझ्या तत्त्वज्ञानानं टेलला पाणी येतंय का?" टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. पूर्वी मी हसून विषय बदलायची. आता सांगते की पाणी येत नाही, पण भांडण कशावरून चाललंय ते कळतं. एम.ए. करणारी दोन-तीन मुलं तत्त्वज्ञानातला शोधनिबंध गावच्या भांडणाला कसा लावायचा म्हणून मागे लागलीत, त्यांच्यासाठी लिहून काढते. यातलं बरंचसं मी आधी चुकून मग शिकले आहे.

पहिली गोष्ट, निबंधापासून सुरुवात करू नका, भांडणापासून करा. एक दोनशे पानी वही घ्या. सभेत, पारावर, एसटीत जो शब्द दोन माणसं दोन अर्थांनी वापरतात तो टिपा, आणि समोरच्या पानावर कोण कोणत्या अर्थानं बोललं ते लिहा. माझ्या वहीतला पहिला शब्द 'समान'. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आमच्याकडे आल्यापासून सगळेच समान वाटप मागतात. बारा एकरवाल्याचं समान म्हणजे एकरी समान. दोन एकरवाल्याचं म्हणजे घरटी समान. दोघंही तावातावानं एकच शब्द बोलतात आणि दोघांनाही समोरचा लबाड वाटतो. शब्द फोडून ठेवला की निम्मा आवाज खाली येतो. निम्माच, बरं का.

दुसरा शब्द 'धोका', हा सांगलीचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 ला धोका. 2019 ला ती 57 फुटांच्या वर गेली होती. पण नदीकाठच्या सखल वस्त्यांत इशाऱ्याच्या आधीच पाणी शिरतं. तिथली बाई सिलिंडर माळ्यावर चढवत असते तेव्हा कागदावर धोका नसतो. म्हणून 45 चा आकडा खोटा ठरत नाही. ती आखलेली रेषा आहे, आणि रेषा कुणीतरी कशासाठी तरी आखतो.

इथे मला मेरी वॉरनॉक उपयोगी पडल्या. टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र नवं होतं तेव्हा, 1982 मध्ये, ब्रिटिश सरकारनं त्याबाबत समिती नेमली आणि अध्यक्षपद या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईंना दिलं. 1984 च्या अहवालात त्यांनी प्रयोगशाळेतल्या भ्रूणावर संशोधनाला 14 दिवसांची मर्यादा सुचवली, 1990 मध्ये तसा कायदा झाला. 14 च का? साधारण पंधराव्या दिवशी भ्रूणात आद्यरेषा, म्हणजे शरीर घडू लागल्याची पहिली खूण, उमटते, त्यानंतर एका भ्रूणाचे दोन (जुळे) होत नाहीत. हे कारण होतंच, पण कायद्याला मोजता येईल अशी कुठेतरी ठाम रेषा हवी, हेही त्यांनी लपवलं नाही. तेव्हापासून कुठलीही रेषा दिसली की मी दोन प्रश्न वेगवेगळे विचारते: रेषा हवीच का, आणि हवी तर इथेच का? पंचनामा, दारिद्र्यरेषा, पूररेषा, सगळीकडे हे चालतं.

आता निबंध वाचायचा. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश इंटरनेटवर फुकट आहे, तिथून सुरू करा. प्रस्तावना सोडा, आधी उदाहरण शोधा. मग एका पानात मराठीत उतरवा, तेही मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या पंडितांच्या, पाच खणांत: विषय, संशय, पूर्वपक्ष (विरोधी बाजूचं म्हणणं), उत्तरपक्ष (त्याला उत्तर), निर्णय. शेजारच्या जिल्ह्यात, वाईला, सात खंडांचा मीमांसाकोश तयार झाला आणि आपण मात्र निबंधाचा सारांश इंग्रजीतनं उचलतो, असो. खरी मेहनत पूर्वपक्षाला घ्या. तो विरोधी बाजूच्या माणसाला वाचून दाखवा. "व्हय, हेच म्हणायचं हुतं मला," असं तो म्हणाला तरच पुढे जा.

मी हे न करताच एकदा सभेत गेले. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचा 1971 मधला विचार डोक्यात ताजा होता: आपण श्रीमंत की गरीब, सबळ की दुबळे हे ठाऊक नसताना नियम ठरवले तर ते न्याय्य होतील. मी चिठ्ठ्या केल्या. हेडचा (कालव्याच्या सुरुवातीचा) बागायतदार, टेलचा शेतकरी, वाट्यानं कसणारा, भूमिहीन, विधवा. म्हटलं, चिठ्ठी कुठली निघेल माहीत नाही असं धरा आणि पाण्याच्या पाळीचा नियम सांगा. "रॉल्स म्हणतो," असंही बोलून गेले. मागून आवाज आला, "कुठल्या गावचा?" हशा झाला. पण खरी पंचाईत एका म्हाताऱ्या बाबांनी केली. चिठ्ठी न उघडता परत देत म्हणाले, "पोरी, मी कोन हाय ते इसरून कसं चालंल? हितं समदे मला वळखत्यात."

घरी येऊन चिडचिड केली. मग वाचताना कळलं की मायकेल सँडेल या दुसऱ्या अमेरिकन तत्त्वज्ञांनी 1982 मध्ये रॉल्सवर घेतलेला आक्षेप याच अंगाचा आहे: नाती, गाव, इतिहास काढून टाकल्यावर निवड करायला उरतो तो माणूस कोण? बाबांनी पूर्वपक्ष फुकट दिला होता आणि मी तो अडाणीपणा समजले होते.

पुढच्या खेपेला चिठ्ठ्या नेल्या नाहीत. विचारलं, तुमची लेक टेलच्या घरात दिली असती तर? धाकट्यानं जमीन विकली आणि नुसता वाटेकरी झाला तर? याची उत्तरं आली, आणि घरटी वाटपाच्या बाजूनं आली. उदाहरण बदलायची ही मोकळीक घ्याच. निबंधातला विचार टिकवायचा असतो, त्यातलं सामान नाही. सभेत नावंही घेऊ नका.

आणि गावाला शिकवायला निघाला असाल तर आधी गावाचं वाचा. सत्तरच्या दशकात पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं जमिनीवर नाही, माणशी पाणी दिलं, भूमिहीनालाही वाटा दिला आणि उसाला नाही म्हटलं. आमच्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तिथेही भूमिहीनांचा हक्क मान्य झाला. हे सगळं माझ्या चिठ्ठ्यांच्या कितीतरी आधीचं.

मामांचा गेल्या महिन्यातला प्रश्न वहीत शेवटच्या पानावर आहे. भूमिहीनानं आपला वाटा पैसे घेऊन उसवाल्याला दिला, तर ते वाटप समान राहिलं का? यावर पूर्वपक्ष दोन लिहून झालेत. दुसरा मामांना वाचून दाखवला, तर म्हणाले, "न्हाई, हे मी म्हनलोच नव्हतो." परत लिहायला घेतलाय.