अनोळखी मृतदेहाला नाव मिळवून देताना

जनुकीय वंशावळीच्या कामात शिरले तेव्हा मला वाटायचं, डीएनए तपासला की नाव कळतं. नाव कधीच येत नाही. येते ती दूरच्या नातलगांची यादी आणि प्रत्येकापुढे सेंटीमॉर्गनचा आकडा, म्हणजे दोघांच्या डीएनएत किती भाग सामाईक आहे त्याचं माप. ८५० च्या आसपास असेल तर बहुधा सख्खं चुलत, मामे, मावस किंवा आते भावंड. ७० असेल तर नातं थेट खापरपणजोबांपाशी जुळतं, आणि यादीत सहसा हे सत्तरवालेच असतात. मग खापरपणजोबांपर्यंत वर चढायचं आणि एकेका शाखेने खाली उतरत हरवलेल्या माणसाला गाठायचं.

इथे अमेरिकेत मी हे काम स्वयंसेवक म्हणून करते. माझा सगळा वेळ जुन्या जनगणना आणि मृत्युवार्ता वाचण्यात जातो. आपल्या वर्तमानपत्रांतल्यासारखं ‘पश्चात दोन मुलगे, तीन मुली असा परिवार’ इथेही छापतात. लेकींची सासरची आडनावं तिथेच सापडतात. एकदा एक मुलगा सावत्र वडिलांचं आडनाव लावत होता. ते लक्षात न आल्याने तीन आठवडे मी भलत्याच घराण्यात हिंडत होते. आईच्या दुसऱ्या लग्नाची नोंद हाती लागली तेव्हा गाठ सुटली.

नवख्यांनी आधी स्वतःचं घराणं मांडून बघावं. आपल्या कुलवृत्तांतांत बहुतेकदा मुलग्यांचेच वंश पुढे जातात, त्यामुळे आजीचं, पणजीचं माहेर विचारूनच घ्यावं लागतं. शिवाय जातीतल्या जातीत, मामाच्या मुलीशी लग्नं झालेली असली की आकडे फुगतात आणि दूरचा माणूस जवळचा वाटतो.

एक पथ्य मात्र कडक पाळा: नातलगांना स्वतः फोन करायचा नाही. आपण काढलेलं नाव हा फक्त धागा असतो. जवळच्या नातलगाचा नमुना घेऊन खात्री करायचं काम पोलिसांचं.

१९८१ साली ओहायोत रस्त्याकडेला एका तरुणीचा मृतदेह सापडला होता. अंगात हरणाच्या कातड्याचं जाकीट, केसांच्या दोन वेण्या. नाव माहीत नसल्याने सगळे तिला बकस्किन गर्ल म्हणायचे. तिचं रक्त जपून ठेवलेलं होतं. त्यावरून २०१८ मध्ये डीएनए डो प्रोजेक्ट या अनोळखी मृतदेहांची ओळख पटवणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने ओळख पटली: मार्शा किंग. लेक कधीतरी फोन करील म्हणून तिच्या आईने इतकी वर्षं घरचा नंबर बदलला नव्हता.