‘जे. एडगर’ पाहताना आणि त्यावर लिहिताना या चुका टाळा

क्लिंट ईस्टवुड यांचा ‘जे. एडगर’ हा चित्रपट नोव्हेंबर २०११ मध्ये प्रदर्शित झाला. पुढे एफबीआय या नावाने ओळखल्या गेलेल्या अमेरिकी तपास यंत्रणेच्या प्रमुखपदी १९२४ पासून १९७२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, बसून राहिलेल्या जॉन एडगर हूव्हर यांचा हा चरित्रपट आहे. पटकथा डस्टिन लान्स ब्लॅक यांची असून हूव्हर यांची भूमिका लिओनार्डो डिकॅप्रिओ यांनी केली आहे. चरित्रपटांवर लिहू पाहणारी नवी मंडळी हा चित्रपट हमखास निवडतात, कारण विषय वादग्रस्त आहे, नट प्रसिद्ध आहे आणि एका रात्रीत लेख होईल असे वाटते. चित्रपटविषयक लेखांच्या संपादनाचे काम करताना अशा लेखांचा माझ्याकडे नित्य राबता असतो आणि त्यांतील चुका इतक्या ठरलेल्या असतात की पहिले दोन परिच्छेद वाचून पुढे काय येणार हे सांगता येते.

सर्वांत मोठी आणि सर्वांत वारंवार होणारी चूक म्हणजे पडद्यावर दिसलेले सगळे घडलेले आहे असे धरून चालणे. इतर चरित्रपटांबाबत हा केवळ भाबडेपणा ठरेल. या चित्रपटाबाबत मात्र तो चित्रपटच न कळल्याचा पुरावा ठरतो. म्हातारे हूव्हर १९६०च्या दशकात आपल्या कार्यालयात बसून तरुण अधिकाऱ्यांना स्वतःची कहाणी सांगत आहेत आणि ते ती टंकलिखित करत आहेत, अशी या पटकथेची मूळ रचना आहे. १९१९ चे बॉम्बस्फोट, प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या बाळाचे अपहरण, गुंडांचा पाठलाग हे सारे आपल्याला दिसते ते या कथनातून. सांगणारा माणूस स्वतःच्या कीर्तीबद्दल कमालीचा जागरूक आहे, हे लक्षात ठेवूनच ती दृश्ये पाहायची असतात. चित्रपटाच्या शेवटच्या भागात हूव्हर यांचे आयुष्यभराचे सहकारी क्लाइड टोलसन ते हस्तलिखित वाचून त्यांना तोंडावर सांगतात की यातले बरेचसे खोटे किंवा फुगवलेले आहे, आणि त्यासरशी आधीची कितीतरी दृश्ये मागे फिरून नव्याने पाहावी लागतात. पटकथेचा हा कणाच आहे.

एका दिवाळी अंकाच्या वेळचा प्रसंग सांगतो. एका तरुण लेखकाचा लेख आला होता, भाषा सफाईदार होती आणि मजकुरात दम वाटत होता. हूव्हर यांनी लिंडबर्ग प्रकरणातील आरोपी ब्रुनो हाउप्टमानला जातीने पकडले आणि पुढे अल्विन कार्पिस या कुख्यात गुंडाला स्वतःच्या हाताने जेरबंद केले, या दोन प्रसंगांवर सगळा लेख उभा होता. संपादकांनी मजकूर न तपासता शीर्षक पसंत केले होते आणि ‘कार्पिसला पकडणारा माणूस’ ही ओळ मुखपृष्ठावर छापूनही झाली होती. मजकूर माझ्याकडे आला तेव्हा मी लेखकाला दूरध्वनी करून एकच प्रश्न विचारला, की शेवटचा अर्धा तास तुम्ही पाहिला का. उत्तर आले, “सर, शेवट काय असणार ते कळलं होतं, म्हणून दीडपट वेगाने पाहिला.” मुखपृष्ठ बदलण्याइतके पैसे नव्हते आणि लेख तसाच छापण्याइतका निर्लज्जपणा माझ्याजवळ नव्हता. शेवटी शीर्षक तसेच ठेवून त्याखाली कार्पिसला नेमके कोणी पकडले याचा शोध घेणारा लेख नव्याने उभा करावा लागला, आणि त्यासाठी त्या लेखकाला माझ्यासमोर बसवून संपूर्ण चित्रपट नेहमीच्या वेगाने पाहायला लावला.

वस्तुस्थिती अशी आहे. एप्रिल १९३६ मध्ये टेनेसीचे सिनेटर केनेथ मॅकेलर यांनी सिनेटच्या समितीपुढे हूव्हर यांना विचारले की तुम्ही स्वतः कधी कुणाला अटक केली आहे काय, आणि हूव्हर यांना प्रामाणिक उत्तर अडचणीचे होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ मे १९३६ रोजी, न्यू ऑर्लिन्समध्ये कार्पिसला पकडण्यात आले तेव्हा हूव्हर तेथे हजर राहिले आणि अटक त्यांनीच केली असे जाहीर झाले. कार्पिसने पुढे आपल्या आठवणींत लिहिले की इतर अधिकाऱ्यांनी आपल्याला घेरून सारे सुरक्षित केल्यावर मगच हूव्हर पुढे आले. त्या वेळी कुणाजवळही बेड्या नव्हत्या आणि त्याचे हात गळ्यातल्या टायने बांधावे लागले, ही गोष्ट तर आता अनेकांना ठाऊक आहे. हाउप्टमानचे प्रकरणही असेच आहे. सप्टेंबर १९३४ मधील ती अटक न्यूयॉर्कचे पोलीस, न्यू जर्सीचे राज्य पोलीस आणि हूव्हर यांच्या खात्याचे अधिकारी यांनी मिळून केली. धागा सापडला तो खंडणीतील सुवर्णतारण नोटेमुळे. अशा नोटा १९३३ मध्ये चलनातून काढून घेतल्या गेल्या होत्या, त्यामुळे पेट्रोल पंपावरच्या माणसाला संशय आला आणि त्याने त्या नोटेवरच मोटारीचा क्रमांक लिहून ठेवला. अपहरणासाठी वापरलेल्या शिडीच्या लाकडाचा माग काढणारे तज्ज्ञ आर्थर केलर हेही हूव्हर यांच्या प्रयोगशाळेतले नव्हते, ते मॅडिसन येथील वनखात्याच्या प्रयोगशाळेत काम करत. इतक्या माणसांचे श्रम एका माणसाच्या आत्मकथनात कसे विरघळले, हे पाहणे म्हणजेच हा चित्रपट पाहणे.

माझी सवय साधी आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे हूव्हर जे सांगतात ते लिहायचे आणि उजवीकडे त्याला चित्रपटात दुसऱ्या कुणी दुजोरा दिला का ते लिहायचे. टोलसन यांचे ते दृश्य येईपर्यंत उजवी बाजू किती रिकामी राहिली आहे हे आपोआप डोळ्यांसमोर येते. ही काही शास्त्रशुद्ध पद्धत नव्हे, पण दीडपट वेगाने पाहणाऱ्याला ती जमत नाही, आणि तेवढा गुण मला पुरेसा वाटतो.

दुसरी चूक मला अधिक चीड आणते. हूव्हर आणि टोलसन यांच्या नात्यावर आणि आईच्या मृत्यूनंतर हूव्हर तिचा पोशाख अंगावर चढवतात त्या एका दृश्यावर अर्धा लेख खर्च करायचा, तोही डोळे मिचकावत. हूव्हर स्त्रीवेश करत ही वदंता १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकामुळे पसरली. तिचा मुख्य आधार असलेल्या साक्षीदार महिलेला पूर्वी खोट्या साक्षीच्या प्रकरणात शिक्षा झालेली होती आणि गंभीर इतिहासकार ती कथा मानत नाहीत. पटकथेने त्या वदंतेला १९३८ मधल्या आईच्या मृत्यूशी जोडून शोकाचे रूप दिले आहे; ती पटकथाकाराची कल्पना आहे, नोंद नव्हे. नोंदीत जे आहे ते निराळे आणि पुरेसे बोलके आहे. दोघे वर्षानुवर्षे दुपारचे जेवण एकत्र घेत, सुट्टीला एकत्र जात, हूव्हर यांची मालमत्ता टोलसन यांच्याकडे गेली आणि वॉशिंग्टनच्या एकाच दफनभूमीत दोघांच्या कबरी जवळजवळ आहेत. यापलीकडे त्या नात्याचे स्वरूप काय होते, याचा निर्णायक पुरावा कुणापाशी नाही. मग लिहिणाऱ्याने कशाकडे पाहावे? ज्या माणसाच्या खाजगी आयुष्याबद्दल आपण कुजबुजतो, त्याच माणसाच्या खात्याने १९५१ पासून सरकारी नोकरीतील समलैंगिक व्यक्तींची माहिती पद्धतशीर गोळा केली आणि त्या माहितीमुळे लोकांच्या नोकऱ्या गेल्या, याकडे. चित्रपट हा भाग दाखवत नाही. ती उणीव दाखवणारा लेख मला आजवर क्वचितच आला आहे, पोशाखावरचे मात्र ढीगभर आले.

मार्टिन ल्यूथर किंग यांना पाठवलेल्या, बदनामीची धमकी देणाऱ्या निनावी पत्राबाबतही असाच घोळ होतो. चित्रपटात हूव्हर स्वतः ते पत्र आपल्या सचिव हेलन गँडी यांना सांगून लिहवून घेताना दिसतात. दृश्य परिणामकारक आहे, पण नोव्हेंबर १९६४ मध्ये ध्वनिफितीसह पाठवलेल्या त्या पत्राचा कर्ता म्हणून अभ्यासक बोट दाखवतात ते एफबीआयमधील वरिष्ठ अधिकारी विल्यम सलिव्हन यांच्याकडे. याने हूव्हर यांची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही, कारण किंग यांच्याविरुद्धची सगळी मोहीम त्यांच्याच आशीर्वादाने चालली होती. मात्र पटकथेने एका यंत्रणेचे कृत्य एका माणसाच्या तोंडी घातले आहे, हे न ओळखता लिहिले की सारा दोष एका विक्षिप्त म्हाताऱ्यावर जातो आणि बाकीचे अधिकारी सहीसलामत सुटतात. रॉबर्ट केनेडी यांना या कथेत निव्वळ सज्जन ठरवण्याची घाईही करू नये. ॲटर्नी जनरल या नात्याने ऑक्टोबर १९६३ मध्ये किंग यांचे दूरध्वनी चोरून ऐकण्यास मंजुरी देणारी सही त्यांचीच होती.

आणखी काही चुका आहेत, त्यांना एकेका वाक्याहून अधिक जागा देण्याची गरज नाही. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर आणि एडगर हूव्हर यांचे काहीही नाते नव्हते. १९२४ मधील प्रसंगांबद्दल लिहिताना या यंत्रणेला एफबीआय म्हणू नये, कारण ते नाव १९३५ मध्ये मिळाले. बँका लुटणाऱ्या जॉन डिलिंजर याला २२ जुलै १९३४ रोजी शिकागोत चित्रपटगृहाबाहेर घेरणाऱ्या मोहिमेचे श्रेय हूव्हर यांना देताना शिकागो कार्यालयाचे प्रमुख मेल्विन पर्विस यांचे नाव गाळले, तर आपण नकळत हूव्हर यांच्याच प्रसिद्धी विभागाचे काम करतो. वृद्धत्वाची रंगभूषा बेतीव आहे, विशेषतः टोलसन झालेल्या आर्मी हॅमर यांची, हे सर्वांनी लिहून झाले आहे. कृपया पुन्हा लिहू नये. आणि ऑस्करचे एकही नामांकन मिळाले नाही म्हणून चित्रपट फसला, असा निकाल देणाऱ्याने मग पुरस्कारांची यादीच लिहावी, समीक्षा कशाला?

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक वेगळी चूक नोंदवतो. हिंदी चित्रपटांतला पोलीस अधिकारी पाहण्याची सवय असल्यामुळे आपल्या लेखकांना हूव्हर यांच्यात गोळ्या झाडणारा माणूस हवा असतो आणि तो सापडत नाही म्हणून ते चित्रपटाला संथ म्हणतात. हूव्हर मुळात कारकुनी बुद्धीचे अधिकारी होते. तरुणपणी त्यांनी अमेरिकी संसदेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या ग्रंथालयात काम केले आणि तिथली कार्डसूची त्यांनी पुढे माणसांना लागू केली. १९२४ मध्ये बोटांच्या ठशांचा केंद्रीय संग्रह आणि १९३२ मध्ये गुन्हे प्रयोगशाळा ही त्यांच्या कारकिर्दीतली खरी आणि टिकाऊ कामे आहेत. आलेल्या कागदाच्या समासात ते निळ्या शाईने शेरे मारत आणि त्या शेऱ्यांनी देशभरचे अधिकारी हादरत. सरकारी कचेरीत ज्याने नस्ती फिरताना पाहिली आहे, एका शेऱ्याने माणसाचे काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला हा माणूस कळायला बंदुकीची गरज पडू नये. म्हणून माझा आग्रह असतो की या चित्रपटात पाठलागाची दृश्ये कमी आणि कपाटे, खणांची कुलुपे, टंकयंत्रे यांची दृश्ये अधिक लक्षपूर्वक पाहावीत.

शेवटची चूक कागदपत्रांविषयीचीच आहे. हूव्हर यांचा मृत्यू २ मे १९७२ रोजी झाला. चित्रपटात त्यानंतर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची माणसे कार्यालयात शोधाशोध करतात आणि गँडी आतल्या खोलीत कागद नष्ट करत असतात. हे पाहून बहुतेक नवे लेखक लिहून मोकळे होतात की हूव्हर यांची गुपिते त्यांच्यासोबतच गेली. असे झालेले नाही. गँडी यांनी ‘वैयक्तिक’ शीर्षकाखालचे कागद नष्ट केले हे खरे, आणि त्यांत केवळ खाजगी पत्रव्यवहार होता हे त्यांचे म्हणणे अनेकांना पटलेले नाही हेही खरे. परंतु ‘अधिकृत आणि गोपनीय’ म्हणून वेगळ्या ठेवलेल्या फायली मार्क फेल्ट या अधिकाऱ्याकडे सोपवल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच आज अभ्यासकांना पाहता येतात. याशिवाय १९७५-७६ मध्ये आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने या यंत्रणेची जी झडती घेतली तिचा अहवाल उपलब्ध आहे, आणि किंग प्रकरणावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. एका लेखकाने ही धार्मिक समिती समजून ‘चर्चनेही निषेध केला’ असे लिहिले होते. एफबीआयने आपल्या संकेतस्थळावरही जुन्या फायलींचे मोठे भांडार खुले ठेवले आहे, जागोजागी काळ्या पट्ट्या मारलेले. लेख लिहायचा असेल तर किंग यांच्यावरचे ते प्रकरण तरी वाचावे. समीक्षांच्या समीक्षा वाचून लिहिलेला मजकूर पहिल्या पानावरच ओळखू येतो आणि मी तो परत पाठवतो.