द्राक्षबागेतील ब्लोअरचा आवाज झोत न गमावता कसा कमी करावा

ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत, औषध हवेच्या झोताने फवारणारे ट्रॅक्टरचलित ब्लोअर पहाटेपासूनच बागांमध्ये फिरू लागतात. त्या वेळी वारा पडलेला असल्याने फवारणीस ती वेळ योग्यच असते. परंतु थंडीत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहिल्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि मळ्यातील वस्त्यांवर दूरपर्यंत ऐकू येतो. आवाज कमी केला तर झोतही मंदावेल आणि डाऊनी (केवडा) हा बुरशीजन्य रोग आवरणार नाही, ही बागायतदाराची धास्ती रास्त आहे. तथापि या आवाजाचा बराच भाग गरजेपेक्षा वेगाने फिरणाऱ्या पंख्याचा आणि अडखळत वाहणाऱ्या हवेचा असतो. तेवढाच भाग काढायचा आहे.

सुरुवात पंख्याच्या फेऱ्यांपासून करावी. पंख्याने ढकललेली हवा फेऱ्यांच्या प्रमाणात बदलते, तर त्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे फेरे २० टक्क्यांनी उतरवले तर हवा २० टक्केच घटते. शक्ती मात्र जवळपास निम्म्यावर येते आणि पंख्याचा आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो. कोवळ्या फुटींना तीन-चार पाने असताना पूर्ण झोत द्यायचे काहीच कारण नसते, कारण जास्तीची हवा औषध ओळीपलीकडे उडवून वाया घालवते. ब्लोअरच्या गिअरबॉक्सला दोन वेग असतील तर या अवस्थेत कमी वेग लावावा आणि पाने दाट झाल्यावर, घड झाकले जाऊ लागल्यावर, वरचा वेग घ्यावा.

किती हवा पुरेशी आहे, हे अंदाजाने ठरवू नये. ओळीच्या पलीकडच्या बाजूस पानांआड हलक्या फिती बांधाव्यात, पाणी पडताच पिवळ्याचा निळा होणारा तपासणी कागद घडांजवळ आणि पानांच्या खालच्या बाजूस लावावा, आणि नुसत्या पाण्याने ब्लोअर चालवून पाहावा. फिती हलल्या आणि कागदावर सारखे ठिपके उमटले की झोत पुरेसा आहे. फिती आडव्या ताणल्या जात असतील तर फेरे आणखी उतरवण्यास वाव आहे. माझ्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाची कृती हीच आहे, कारण तिच्याशिवाय पुढचा प्रत्येक बदल अंधारात केला जातो.

फेरे पीटीओवरूनच, म्हणजे इंजिनाची शक्ती ब्लोअरला देणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या फिरत्या शाफ्टवरूनच, उतरवायचे असतील तर एक सावधगिरी घ्यावी. त्याच शाफ्टवर चालणारा पंपही मंदावतो, म्हणून प्रेशर गेज पाहावे, प्रत्येक नोझलखाली मापाचे भांडे एक मिनिट धरून प्रवाह मोजावा, आणि टाकीतील द्रावण ढवळले जात असल्याची खात्री करावी. ट्रॅक्टरला ‘५४०-ई’ (मिनिटाला ५४० फेऱ्यांचा, इंधन वाचवणारा) पीटीओ असल्यास पंखा आणि पंप तेवढेच फिरतात व इंजिनाचे फेरे मात्र कमी राहतात. काळा धूर येऊ लागला किंवा इंजिन दमू लागले तर नेहमीच्या पीटीओवर परतावे.

यानंतर हवेची वाट सुधारावी. पीटीओ सोडून, इंजिन बंद करून आणि चावी काढून घेतल्याशिवाय पंख्याजवळ हात नेऊ नये. मागच्या जाळीत अडकलेली पाने व सुतळी काढावी, पात्यांवर साचलेला औषधाचा थर धुवावा आणि कडा तुटलेली किंवा वाकलेली पाती बदलावीत. पाते व कवच यांच्यातील फट सर्व बाजूंनी सारखी हवी; कवचाला पोचा पडला असेल तर तेथे हवा मागे गळते, झोत घटतो आणि आवाज वाढतो. पात्यांचा कोन बदलता येत असेल तर तो थोडा वाढवून फेरे कमी ठेवल्यास तेवढीच हवा शांतपणे मिळते, परंतु सर्व पाती एकाच खुणेवर असावीत. कोन मर्यादेबाहेर गेला तर हवा पात्याला सोडून भोवरे घेऊ लागते आणि दोन्ही बाजूंनी तोटा होतो.

शाफ्टचे क्रॉस, बेअरिंग, सैल पत्रे आणि गळका सायलेन्सर यांची दुरुस्ती कोणताही चांगला फिटर करू शकतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आहेत का, एवढे त्याला आवर्जून पाहायला सांगावे, कारण चुकीच्या जोडणीने सारे यंत्र थरथरते. हवेच्या तोंडावर गोणपाट किंवा स्पंज बांधणे मात्र टाळावे. त्याने झोत गुदमरतो आणि पंखा उलट अधिक ओरडतो.

प्रत्येक बदलापूर्वी आणि नंतर एकाच मोबाइलवरील डेसिबल ॲपने, त्याच जागी, चालकाच्या कानाशी आणि जवळच्या घराच्या अंगणात मोजणी करावी. आकडा अचूक नसला तरी फरक कळतो. निवासी क्षेत्रासाठी २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांतील मर्यादा रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे, म्हणून वस्तीकडच्या ओळी सहानंतर घेण्याचा क्रम लावावा. उघड्या ट्रॅक्टरवरील चालकाला इअरमफ द्यावाच: ८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षित मानलेली मर्यादा दर ३ डेसिबलला निम्मी होते, म्हणजे ९४ डेसिबलला ती केवळ १ तास उरते.