सांबावर फाइल सर्व्हर उभा करताना: आधी परवानग्या, मग कॉन्फिगरेशन

नेटवर्किंगचा कोर्स करून पहिल्या नोकरीला लागलेल्यांच्या वाट्याला पुष्कळदा येणारं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे ऑफिसचा फाइल सर्व्हर. "एक जुना पीसी पडून आहे, त्यावर सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवायची सोय कर," एवढंच सांगितलं जातं. उबुंटू लिनक्स टाकायचं, सांबा (लिनक्सवरचे फोल्डर नेटवर्कवरून विंडोजच्या पीसींना वापरू देणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल करायचा, एक फोल्डर शेअर करायचा. हे एका दुपारचं काम आहे आणि ते जमतंही. खरं काम त्यानंतर सुरू होतं. कोणाला काय दिसेल, कोण काय बदलू शकेल, आणि कोणाला कशाचा पत्ताही लागता कामा नये? मी कोल्हापूर आणि आसपासच्या लहान कारखान्यांची नेटवर्कं सांभाळतो. सर्व्हर बंद पडला म्हणून येणारे फोन थोडे, परवानग्यांवरून येणारे जास्त.

म्हणून माझा पहिला सल्ला: कीबोर्डला हात लावण्याआधी कागद घ्या. शिवाजी उद्यमनगरातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्याचं उदाहरण सांगतो. मालक म्हणाले, "आपली घरचीच माणसं आहेत, सगळ्यांना सगळं दिसू दे." मी विचारलं, "पगारपत्रकसुद्धा?" ते म्हणाले, "ते सोडून." मग विचारलं, "शॉपवरच्या पीसीवरून चुकून एखादं ड्रॉइंग बदललं गेलं तर?" त्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. एक डायमेन्शन बदललं की अख्खा लॉट स्क्रॅप होतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. अर्ध्या तासात तक्ता तयार झाला. ड्रॉइंग: डिझाइनवाले लिहिणार, प्रॉडक्शन आणि क्वालिटी फक्त वाचणार. तपासणी अहवाल: क्वालिटी लिहिणार, डिझाइन वाचणार. पगार: मालक आणि अकाउंट्स, बाकी कोणी नाही. हा तक्ता मालकाकडून ठरवून घ्यायचा असतो, आपल्या अंदाजाने नाही. त्याखाली त्यांची सहीही घ्या; पुढे कोणी "मला का दिसत नाही?" म्हणून भांडायला आला की ती उपयोगी पडते.

तक्त्यातले हक्क माणसांच्या नावावर लिहू नका, ग्रुपच्या नावावर लिहा. माणसं नोकरी सोडतात, विभाग बदलतात. डिझाइन विभाग मात्र तिथेच राहतो. लिनक्सवर डिझाइन, प्रॉडक्शन, क्वालिटी, अकाउंट्स असे ग्रुप करा, माणसांना त्यांत घाला, आणि सांबाच्या फाइलीत फक्त ग्रुपची नावं येऊ द्या.

आता कॉन्फिगरेशन. सगळं एकाच फाइलीत असतं, ईटीसी फोल्डरमधल्या सांबा फोल्डरातली 'एसएमबी डॉट कॉन्फ'. ड्रॉइंगच्या शेअरला 'रीड ओन्ली' यस ठेवा, 'व्हॅलिड युजर्स'मध्ये डिझाइन, प्रॉडक्शन आणि क्वालिटी हे तिन्ही ग्रुप लिहा, आणि 'राइट लिस्ट'मध्ये एकटा डिझाइन ग्रुप. फाइल बदलली की 'टेस्टपार्म' चालवायची सवय आत्तापासूनच लावा. स्पेलिंग चुकलेली सेटिंग ती लगेच दाखवते. युजर लिनक्सवर तयार केला म्हणजे झालं असंही नाही. सांबाची पासवर्डची यादी वेगळी असते, त्यात 'एसएमबीपासडब्ल्यूडी' कमांडने नाव घालावं लागतं.

इथपर्यंत बहुतेक जण सहज येतात. अडतात ते पुढे, कारण परवानग्यांचे थर दोन आहेत. पहिला सांबाच्या शेअरचा, दुसरा डिस्कवरच्या फोल्डरचा. एखाद्या मोठ्या बंगल्याला फाटकावर वॉचमन असतो आणि आत प्रत्येक खोलीला कुलूप असतं. वॉचमनने सोडलं म्हणून खोली उघडत नाही. दोन्हींतला जो कडक, तोच चालतो. विंडोज सर्व्हरवर शेअर परमिशन आणि एनटीएफएस (म्हणजे डिस्कवरच्या फोल्डरची) परमिशन यांचंही नेमकं हेच नातं आहे. इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न आवडीने विचारतात, पण पाठ करून नव्हे, करून पाहून उत्तर द्या.

त्याच कारखान्यातला प्रसंग जवळून पाहू. डिझाइनमधल्या एका मुलीने नवी एक्सेल शीट शेअरवर ठेवली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने उघडली तर 'रीड ओन्ली'. दोघंही डिझाइन ग्रुपमध्ये, 'राइट लिस्ट'मध्ये दोघांचाही ग्रुप. आधीच्या सपोर्टवाल्याने तेवढ्या एका फाइलीला हाताने परवानगी देऊन टाकली होती. दुसऱ्या दिवशी तक्रार पुन्हा हजर. सर्व्हरवर जाऊन फाइलींची सविस्तर यादी काढली तेव्हा कारण समोर दिसलं. फाइलीची मालक ती मुलगी, आणि ग्रुपच्या रकान्यात 'डिझाइन' नव्हे, पुन्हा तिचंच नाव. उबुंटू प्रत्येक नव्या युजरला त्याच्याच नावाचा एक ग्रुप देतं आणि नवी फाइल त्या ग्रुपच्या नावावर चढते. शिवाय सांबाचा 'क्रिएट मास्क' मुळात ०७४४ असतो, म्हणजे मालकाला लिहिता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता येतं. आणि हाताने दिलेली परवानगी टिकली नाही, कारण एक्सेल सेव्ह करताना जुन्या फाइलीवर लिहीत नाही. नवी तात्पुरती फाइल लिहून तिला जुनं नाव देतं. ती फाइल नव्याने जन्मलेली असते, तिला कालची परवानगी माहीतच नसते.

म्हणून दुरुस्ती फाइलीवर करायची नाही, फोल्डरवर करायची. फोल्डरचा ग्रुप 'डिझाइन' करा आणि त्याला २७७० मोड द्या. त्यातले ७७० म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळे हक्क, बाकीच्यांना काहीच नाही; सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी बिट. त्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल आणि फोल्डर आपोआप 'डिझाइन'च्या नावावर जातं. जोडीला शेअरमध्ये 'क्रिएट मास्क' आणि 'फोर्स क्रिएट मोड' दोन्ही ०६६०, आणि 'फोर्स डिरेक्टरी मोड' २७७०. हे केलं आणि डिझाइनची तक्रार कायमची मिटली.

पण लगेच प्रॉडक्शनचा फोन येतो: आमचं काहीच उघडत नाही! बरोबर आहे. शेअरने त्यांना वाचायला सोडलं, पण २७७० मोडने डिझाइनखेरीज सगळ्यांना दार बंद केलं. कंटाळून इथे ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, टाकणारे खूप आहेत, आणि माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात वाईट सवय हीच. इथे एसीएल, म्हणजे एकाच फोल्डरवर अनेक ग्रुपना वेगवेगळे हक्क देणारी यादी, वापरा: 'सेटएफएसीएल' कमांडने प्रॉडक्शन आणि क्वालिटी या ग्रुपना फक्त वाचायची मुभा द्या, आणि तीच 'डिफॉल्ट' म्हणूनही लावा, म्हणजे उद्याच्या फाइलींनाही ती मिळेल. आधीपासून असलेल्या फाइलींना मात्र एकदा वेगळी लावावी लागते. रॉकी लिनक्ससारख्या सिस्टिमवर एसईलिनक्स या जादा सुरक्षा यंत्रणेचा तिसरा थर असतो; तिथे फोल्डरला 'सांबा शेअर टी' हे लेबल नसेल, तर बाकी सगळं बरोबर असूनही दार उघडत नाही.

चाचणी घेताना विंडोजची एक गोष्ट नवख्यांना फार छळते. एकाच पीसीवरून एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या युजरनेमने जोडता येत नाही. १२१९ नंबरची एरर येते. आणि कधी कधी एररही येत नाही, जुन्याच युजरचं कनेक्शन वापरलं जातं आणि आपण समजतो की नवी परवानगी लागू झाली नाही. 'नेट यूज' कमांडने जुनी कनेक्शनं काढा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधला साठवलेला पासवर्ड पुसा, मगच दुसऱ्या नावाने तपासा. ग्रुप बदलल्यावरही तसंच: चालू सेशनला नवा ग्रुप कळत नाही, कनेक्शन तोडून पुन्हा जोडावं लागतं.

कारखान्यांत आणखी एक हट्ट समोर येतो. जुन्या सीएनसी मशीनजवळचा विंडोज एक्सपीचा पीसी नव्या सर्व्हरला जोडत नाही, आणि नेटवर उत्तर सापडतं: 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल'ला 'एनटी१' लिहा. चालतं, पण लिहू नका. त्याने एसएमबीची, म्हणजे विंडोज आणि सांबा ज्या प्रोटोकॉलवर फाइली देतात-घेतात त्याची, पहिली आवृत्ती सुरू होते. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) पसरलं ते विंडोजमधल्या त्याच आवृत्तीच्या दोषावरून. मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता, तो न लावलेली मशीनं सापडली. सांबाने २०१९च्या ४.११ आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवली आहे. शिवाय ही सेटिंग एका शेअरपुरती नसते, ती अख्ख्या सर्व्हरला लागू होते. मी अशा मशीनसाठी वेगळा छोटा बॉक्स ठेवतो, त्यावर फक्त लागणारे प्रोग्रॅम, आणि 'होस्ट्स अलाउ'मध्ये तेवढ्या मशीनचा आयपी. पासवर्डशिवायच्या गेस्ट शेअरचाही मोह टाळा. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती एसएमबी सायनिंग (प्रत्येक संदेशावर ओळखीची डिजिटल सही) मागते आणि गेस्ट कनेक्शनला ते देता येत नाही, त्यामुळे नवा पीसी आला की तो शेअर अडणारच.

डिलीट झालेल्या फाइलींचा विचार पहिल्याच दिवशी करा. नेटवर्कवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. सांबाचं 'रिसायकल' मॉड्यूल लावलं की ती सर्व्हरवरच्या एका फोल्डरात जाते, आणि 'फुल ऑडिट' लावलं की कोणी, कधी पुसली तेही लॉगमध्ये राहतं. हे बॅकअपच्या जागी चालत नाही. रॅन्समवेअर आलेल्या पीसीला जिथे लिहायचा हक्क आहे, तिथलं सगळं ते कुलूपबंद करतं. वाचण्यापुरते हक्क वाटलेले असले की नुकसान तेवढ्यावर थांबतं. बॅकअप तरीही वेगळ्या डिस्कवर, कोणत्याही शेअरखाली न येणारा हवा.

माणूस नोकरी सोडून गेला की फक्त लिनक्सचा पासवर्ड लॉक करून भागत नाही. सांबाची यादी वेगळी असल्याने त्याचं लॉगिन चालूच राहतं. 'एसएमबीपासडब्ल्यूडी'ने ते बंद करा, मग 'एसएमबीस्टेटस'मध्ये पाहा आणि उघडं सेशन असेल तर तोडा.

घरी सरावासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एकाच पीसीत अनेक आभासी पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) एक उबुंटू सर्व्हर आणि एक विंडोज पुरे. वरचा तक्ता जसाच्या तसा उभा करा, प्रत्येक ग्रुपचा एक युजर करा आणि लॉग उघडा ठेवून काम करा. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनबेरात सांबा लिहायला घेतला, तोसुद्धा तारेवरून जाणारी पॅकेटं निरखून. मग प्रॉडक्शनच्या युजरने लॉगिन करा. ड्रॉइंग उघडलं पाहिजे, सेव्ह आणि डिलीट नाकारलं गेलं पाहिजे, आणि पगाराच्या शेअरवर क्लिक केल्यावर आतलं एक नावही दिसता कामा नये. तिन्ही जमलं की क्वालिटीच्या युजरने तेच पुन्हा करा.